ताई, फिरायला वेगवेगळे जा

फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोविडच्या लॉकडाउनच्या काळात, इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलेलं एक पत्र, थोडं कमी करून, आणि खाली मी तेव्हा दिलेलं उत्तर:

«सप्रेम नमस्कार. मी ७१ वर्षांची, आमचे हे ७६. मी १९७४ साली लग्न होऊन इंग्लंडला आले. हे होजिअरीच्या कारखान्यात मेन्टेनन्सला होते, मी शाळेच्या किचनमध्ये. निवृत्तीनंतरची वर्षं छान गेली. हे मंगळवारी आणि शुक्रवारी बोलिंगला जायचे. मी लायब्ररीत, भजनाला, गुरुवारी पोहायला. रात्री जेवताना गप्पा व्हायच्या.

गेल्या मार्चपासून सगळं बंद आहे. उन्हाळ्यात बागेत तरी वेळ गेला, पण ही थंडी काही सरत नाही. जानेवारीत चारलाच अंधार पडायचा आणि मग झोपेपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर. यांनी घराचा कारखाना केलाय. फ्रीजवर यादी लावली आहे: किती कांदे, किती डाळ, दुधाच्या किती बाटल्या. मी कांदा चिरायला घेतला की जाऊन एक आकडा खोडतात. पाच वाजता पंतप्रधानांची पत्रकार परिषद बघतात आणि आकडे वहीत लिहितात. थर्मोस्टॅट मी वाढवला की हे कमी करतात. २१ जानेवारीला पुण्यात लस बनवणाऱ्या सीरमच्या आवारात आग लागली, त्या रात्री झोपलेच नाहीत. हे मूळचे हडपसरचे, सगळ्यांना फोन लावत बसले. यांना लशीचा पहिला डोस मिळाला आहे, मला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

सांगलीच्या बहिणीशी मी फोनवर बोलायला लागले की हे शेजारी येऊन बसतात आणि मधेमधे दुरुस्त्या करतात. म्हणून हल्ली मी बाथरूममध्ये नळ सोडून बोलते. परवा तशी बसले होते आणि मला माझीच लाज वाटली. शेजारी ७९ वर्षांच्या एक इंग्लिश बाई राहतात. त्यांचे यजमान गेल्या एप्रिलमध्ये कोविडने गेले, हॉस्पिटलात शेवटचं भेटताही आलं नाही. त्या एकट्या दिवस काढताहेत, आणि मला समोर बसलेला नवरा सहन होत नाही. हे पाप नाही का? रेडिंगचा मुलगा म्हणतो, रोज दोघं मिळून फिरून येत जा. आम्ही जातो रोज बाराला. एक शब्द न बोलता परत येतो. यांच्या मनात माया आहे हो. रात्री माझ्या बाजूला गरम पाण्याची पिशवी हेच ठेवतात. मी काय करू?»

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या नळापाशी थांबले. सख्ख्या बहिणीशी बोलायला पाण्याच्या आवाजाचा आडोसा घ्यावा लागतो, हे वाचून मला तुमची फार काळजी वाटली. म्हणून आधी एक प्रश्न विचारते, कारण तो न विचारता पुढे जाणं बरोबर होणार नाही. नळ सोडता तो निवांतपणा हवा म्हणून, की यजमानांच्या धाकाने? धाक असेल तर या लॉकडाउनमध्येही घर सोडून सुरक्षित जागी जायला कायद्याने मुभा आहे. तसं असेल तर बाकीचं काही वाचू नका, मला लगेच लिहा. पण गरम पाण्याच्या पिशवीचं वाचल्यावर मला वाटतं की हा धाक नाही, घुसमट आहे. तसं धरून पुढे लिहिते.

पापाचं म्हणाल तर शेजारच्या बाईंचं दुःख आणि तुमचा वैताग एका तराजूत घालू नका. त्यांचे यजमान गेले म्हणून तुमच्या यजमानांचं कांदे मोजणं गोड होत नाही. गेल्या मार्चमध्ये, ते दोघं घरात अडकले होते तेव्हा, त्या बाईही कधीतरी वैतागल्या असतील. आज त्यांना त्या वैतागाचीसुद्धा आठवण येत असेल. तुमच्यावर प्रेम नसल्याचा आरोप कोणी केलेला नाही, तुम्हीच तो स्वतःवर लावून घेतलाय.

आता तुमच्या संसाराचा हिशेब बघा. लग्नाला ४६ वर्षं झाली, पण या ४६ वर्षांत दिवसाउजेडी तुम्ही दोघं एकत्र असे किती होतात? ते कारखान्यात, तुम्ही शाळेत. निवृत्तीनंतरही बोलिंग, भजन, पोहणं होतंच. तुमचा संसार दिवसभर लांब राहून संध्याकाळी भेटणाऱ्या दोन माणसांचा होता, आणि तो चांगला होता. जेवताना गप्पा व्हायच्या असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. त्या गप्पा कशाच्या असायच्या? बोलिंगला कोण काय म्हणालं, पोहायला कोण आलं नाही, लायब्ररीत कोणतं पुस्तक मिळालं. दोघंही बाहेरून काहीतरी घेऊन यायचात. आता दोघांनी दिवसभर तीच भिंत, तोच टीव्ही, तेच कांदे बघितलेले असतात. एकमेकांना सांगायचं काय? बारा वाजता गप्प फिरून गप्प परत येता ते याचमुळे. तुमच्यातलं काही आटलेलं नाही. सांगण्यासारखं जे असतं, ते येण्याचा रस्ता बंद झालाय.

तुमच्या मुलाने मायेपोटी सांगितलं, पण तुमच्या बाबतीत मी नेमकं उलटं सांगेन. फिरायला वेगवेगळे जा.

लॉकडाउनचा सध्याचा नियम नीट वाचला तर त्यात तुमच्यासाठी एक खिडकी आहे. व्यायामासाठी दिवसातून एकदा, आपल्याच भागात, घराबाहेर पडता येतं, आणि तेव्हा घरातल्या माणसांबरोबर किंवा मग दुसऱ्या घरातल्या एका व्यक्तीबरोबर चालता येतं. एकाच, आणि दोन मीटर अंतर राखून. तुम्ही दोघं रोज एकमेकांबरोबर जाता आणि ही दुसरी सवलत वायाच जाते. तुम्ही शेजारच्या बाईंबरोबर जा. यजमानांना बोलिंगचा किंवा कारखान्यातला जुना मित्र गाठू द्या, चालत जाता येईल इतक्या अंतरावर कोणीतरी असेलच. बाकावर बसून गप्पा मारायला अजून परवानगी नाही, त्यामुळे चालतच बोलायचं. मधुमेह, रक्तदाब असला तरी शिल्डिंगचं, म्हणजे जास्त धोका असलेल्यांनी घरातच राहावं असं सांगणारं, पत्र आलेलं नसेल तर चालायला जायला आडकाठी नाही. पत्र आलं असेल तर मात्र आधी जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, विचारा.

आणि एकाच वेळी जाऊ नका. ते अकराला जाऊन बाराला परत येऊ देत, तुम्ही एकला निघून दोनला या. म्हणजे दोघांनाही रोज एक तास घर एकट्याचं मिळेल. मला तर फिरण्याइतकंच हे महत्त्वाचं वाटतं. आपल्या अकराला सांगलीत साडेचार वाजलेले असतात. बहिणीचा चहा व्हायचा असेल. त्या वेळी हॉलमध्ये खुर्चीत बसून, दिवा लावून, मोठ्याने बोला. नळ बंद.

वेळा अशा सांगितल्या त्याला कारण आहे. २४ जानेवारीला बर्फ पडला, त्यानंतर सकाळी फुटपाथवर पाणी गोठून काचेसारखं होतं आणि दिसतही नाही. या वयात खुब्याचं हाड मोडून आत्ता हॉस्पिटलात जावं लागणं म्हणजे किती मोठं संकट आहे ते सांगायला नको. अकराच्या आधी बाहेर पडू नका, अकरालाही गोठलेलं वाटलं तर तास पुढे ढकला, रबरी तळाचे बूट घाला आणि हात खिशात घालून चालू नका.

आता यजमानांचं. तुम्ही त्या यादीने त्रासला आहात हे मला कळतं, रोज आपल्या हातून चिरलेला कांदा कोणीतरी खोडतंय हे सहन होण्यासारखं नाही. तरी ती यादी फाडू नका. आयुष्यभर ज्या माणसाने मशीन बंद पडू नये म्हणून काम केलं, त्याच्यासमोर आज सगळं जग बंद पडलंय आणि त्याच्या हातात पाना नाही. ते कांदे मोजतात कारण कांदे मोजता येतात. सीरमच्या आगीच्या रात्री जे जागले, तेच पाच वाजता वही घेऊन बसतात. ही भीती आहे, ताई, आणि त्या पिढीतल्या आपल्या पुरुषांना 'मला भीती वाटते' असं म्हणायला कोणी शिकवलं नाही. २६ जानेवारीला या देशातल्या मृतांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. तो वहीत उतरवताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे त्यांना कोणी विचारलंय का? तुम्ही विचारा. त्या वेळी नको, दुसऱ्या दिवशी सकाळी.

वही बंद करायला लावू नका. तिच्यात एक रकाना वाढवायला सांगा. लशीचे आकडेही सरकार रोज देतं, आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात पहिला डोस घेतलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. त्यात तुमचे यजमान आहेत, पुढच्या आठवड्यात तुम्हीही असाल. स्वतःच्या हाताने तोही आकडा वाढताना लिहिणं या माणसाला उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. मात्र बातम्या दिवसातून एकदाच, पाचच्या. रात्री झोपण्याआधी पुन्हा लावायच्या नाहीत, हे ठरवून घ्या.

स्वयंपाकघराची मात्र हद्द आखा. खरेदी त्यांची: सुपरमार्केटच्या डिलिव्हरीचा स्लॉट शोधणं, यादी देणं, सामान आलं की पुसून लावणं. हे काम खरंच किचकट आहे आणि ते नीट करतील. पण सामान एकदा कपाटात गेलं की ते तुमचं. किती कांदे चिरले ते कोणी विचारायचं नाही. मोजायचं असेल तर रविवारी, पुढच्या खरेदीआधी, एकदाच. शिवाय त्यांच्या हाताला खरं काम द्या. या घरांच्या खिडक्यांतून आणि दाराखालून थंडीत वारा येतोच, त्या फटी बंद करायला त्यांच्याइतका योग्य माणूस कोण?

एक गोष्ट तेवढी लक्ष ठेवून बघा. मोजणं वेगळं आणि मोजलेलं विसरणं वेगळं. सकाळी मोजून दुपारी 'आज मोजायचंच राहिलं' म्हणत असतील, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळत असतील, तर जीपीला फोन करा, लॉकडाउन संपायची वाट बघू नका. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, तरी सांगून ठेवते.

थर्मोस्टॅटचं भांडण सोपं आहे, कारण त्यात तुम्ही दोघं न्यायाधीश नाही आहात. वयस्कर माणसांनी बसायची खोली निदान १८ अंशांवर ठेवावी असं इथले डॉक्टर सांगतात. १८ च्या खाली कोणी नेणार नाही, एवढं ठरलं की भांडायला फारसं उरत नाही. मी मात्र एक खोली नाही, दोन खोल्या गरम ठेवायला सांगणार आहे. मुलाची जुनी खोली वर रिकामी असेलच. तिथला रेडिएटर दुपारी दोन ते चार चालू करा, आणि ज्या खोल्यांत कोणी बसत नाही तिथला कमी करा. यजमान खर्चाचं म्हणतील. सरकारकडून मिळणाऱ्या विंटर फ्युएल पेमेंटचे यंदाचे तुम्हा दोघांचे मिळून २०० पौंड या थंडीतल्या हीटिंगसाठीच असतात, ते बँकेत जपून ठेवण्यासाठी नसतात हे त्यांना सांगा.

आमच्याकडेही गेल्या एप्रिलमध्ये असंच झालं होतं. भांडी कशी लावायची यावरून सुरू झालं आणि चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी आमचे हे दुपारी जेवून उठले, वर गेले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं रागावले. दोन तासांनी खाली आले तेव्हा हातात जुन्या पत्रांचा गठ्ठा होता, लावत बसले होते. त्यातलं एक, माझ्या सासऱ्यांचं, मला वाचून दाखवलं. तेव्हापासून आमच्याकडे दुपारी दोन ते चार दार लोटलेलं असतं. त्यात रुसवा नसतो, कोणी कोणाला हाक मारत नाही. वर काय केलं ते सांगायची सक्तीही नाही. मला ते दोन तास आज कोणी मागितले तर मी देणार नाही.

हे यजमानांना सांगायचं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. संध्याकाळी सांगू नका, अंधार पडला की साधं वाक्यही तक्रारीसारखं ऐकू येतं. सकाळी, पहिल्या चहानंतर. 'तुम्ही मला त्रास देता' इथून सुरुवात केलीत तर ते यादी काढून दाखवतील. आपल्याला काय हवंय तेवढंच सांगा: "अहो, मला रोज एक तास बहिणीशी एकटीने बोलायचंय. तुम्ही त्या वेळी मित्राबरोबर चालून या. दुपारी तुम्ही वर बसा किंवा मी बसते, चारला चहा एकत्र घेऊ." पहिल्यांदा त्यांना वाईट वाटेल. आपण नकोसे झालो असं वाटेल. ते तेव्हाच खोडून काढा, आणि गरम पाण्याच्या पिशवीचं बोला. ती ते रोज ठेवतात हे तुमच्या लक्षात आहे, हे तुम्ही त्यांना कधी म्हणालात का? मला लिहिलंत, त्यांनाही सांगा.

शेजारच्या बाईंबद्दल आणखी थोडं. त्या एकट्या राहतात, म्हणजे नियमाप्रमाणे त्यांना एका दुसऱ्या घराबरोबर सपोर्ट बबल, म्हणजे एकाच घरासारखं येणं-जाणं, करता येतो, आणि त्या घरात दोन माणसं असली तरी चालतं. त्यांचा बबल आधीच मुलीच्या किंवा आणखी कोणाच्या घराशी झाला असेल तर प्रश्न मिटला. झाला नसेल तर त्या तुमच्या घरात येऊन बसू शकतात, चहा घेऊ शकतात. पण ही घाई करू नका. एकदा केलेला बबल सहजासहजी बदलायचा नसतो. लशीचा असर यायला तीनेक आठवडे लागतात आणि लस घेतल्यावरही नियम तेच आहेत. यजमान आधीच घाबरलेले आहेत, त्यांच्या मनाविरुद्ध कोणी घरात आलं तर ते वहीत तोंड खुपसून बसतील. आत्ता फक्त चाला. मार्चमध्ये तिघांनी मिळून ठरवा. तोवर तुम्ही केलेल्या आमटीचा डबा त्यांच्या दाराशी ठेवायला कोणाची हरकत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा राहिलं असेल तर रथसप्तमी १९ फेब्रुवारीला आहे. तिळगूळ दाराशी ठेवा, दोन मीटर मागे उभ्या राहा आणि त्याचा अर्थ त्यांना सांगा. गेल्या एप्रिलपासून त्यांच्याशी कोणी मुद्दाम गोड बोललंय की नाही कोण जाणे.

लशीच्या निरोपाबद्दल सावध राहा, सध्या फसवे मेसेज फिरताहेत. एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, लस फुकट असते, तिच्यासाठी बँकेचा नंबर कधीच मागत नाहीत. दुसरा डोस बारा आठवड्यांपर्यंत लांबू शकतो, त्याने यजमानांना घाबरू देऊ नका. आणि दोघंही रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाची गोळी घेता ना? या उन्हात आपल्या कातडीला ते पुरेसं मिळत नाही.

एवढं करूनही तीन-चार आठवड्यांत तुमची झोप, भूक परत आली नाही, सकाळी उठावंसंच वाटेनासं झालं, तर बोलून करायच्या उपचारासाठी एनएचएसकडे स्वतःहून नाव नोंदवता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. सध्या ते फोनवर होतं. घर तुमच्या एकटीचं असेल त्या तासातली वेळ मागून घ्या.

पहिल्या दिवशी यजमान बहुतेक पंधरा मिनिटांत परत येतील. थंडी होती म्हणतील, मित्र आला नाही म्हणतील. बहिणीशी बोलणं चालू असेल तर ते थांबवू नका, हातानेच चहा टाकायची खूण करा. कुठवर गेलात, कोण भेटलं, हे तेव्हा विचारू नका. रात्री जेवताना पान वाढा आणि शेजारच्या बाई चालताना काय म्हणाल्या ते तुम्ही सांगायला लागा.